पंचविसावा दगड

एका राजाने देऊळ बांधायला घेतलं. सह्याद्रीच्या पायथ्याशी, खानदेशाच्या बाजूला, काळ्या दगडाचा एक डोंगर होता. त्या डोंगराच्या कुशीत ही जागा. राज्य काही फार मोठं नव्हतं. देवगिरीच्या यादवांना द्यायचं ते द्यायचं आणि उरलेल्यात आपलं भागवायचं, असा तो राजा. हौस मात्र दांडगी.

राजाने गावातल्या म्हाताऱ्या पाथरवटाला बोलावलं.

"बाहेरच्या भिंतीत कोनाडे ठेवायचेत," राजा म्हणाला. "प्रत्येक कोनाड्यात विष्णूची एक मूर्ती. चार हात. चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म. पण प्रत्येक मूर्ती निराळी हवी. हात तेच, आयुधं तीच, फक्त कुठल्या हातात काय, एवढंच बदलायचं. जितके प्रकार होत असतील तितके सगळे करा. एकही सुटायला नको आणि एकही दोनदा यायला नको. बोला, दगड किती लागतील? खाणीवर आजच निरोप धाडतो."

म्हाताऱ्याबरोबर त्याचा शिष्य आला होता. पोरगा हुशार होता, पण हुशारीला दम नव्हता. म्हाताऱ्याने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "सोळा, महाराज! चार हात, चार आयुधं. चार चोक सोळा."

राजाचा हिशेबनीस बाजूलाच उभा होता. तो हसला. "सोळा कसे होतील? एका हातात चारपैकी काहीही येईल. दुसऱ्या हातात चारपैकी काहीही येईल. तिसऱ्यात तसंच, चौथ्यात तसंच. चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट, चौसष्ट चोक दोनशे छप्पन्न." आकडा तोंडातून बाहेर पडला आणि त्याचा हात आपोआप कमरेच्या किल्ल्यांकडे गेला. दोनशे छप्पन्न मूर्तींचे पैसे त्यालाच मोजून द्यायचे होते.

राजाने म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा म्हणाला, "महाराज, मला विष्णू समोर उभा करून बघू द्या."

त्याने शिष्याला अंगणात उभं केलं. हिशेबनिसाला म्हणाला, "साहेब, जरा पोराच्या पाठीमागे उभे राहता? हात वर करून." हिशेबनीस कुरकुरला, पण राजा बघत होता, तेव्हा उभा राहिला. पुढच्याचे दोन हात खाली, मागच्याचे दोन हात वर. चतुर्भुज मूर्ती तयार झाली. राणीवशातल्या बायका सज्जात येऊन तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

म्हाताऱ्याने देवघरातून शंख आणवला. तळ्यातून कमळ आणवलं. गदा म्हणून स्वतःचा हातोडा घेतला. चक्र कुठून आणायचं? पाणी भरणाऱ्या बाईच्या डोक्यावरची चुंबळ मागून घेतली.

"आधी हिशेबनीस साहेबांचं बघू," तो म्हणाला. "यांच्या मोजणीत चारही हातांत शंख धरलेला विष्णू आहे. आपल्याकडे शंख एकच आहे. एका हातात गेला की तो दुसऱ्या हातात नाही."

मग त्याने खालच्या उजव्या हातात कमळ दिलं. "आता वरच्या उजव्या हातासाठी किती वस्तू उरल्या?"

"तीन," शिष्य म्हणाला.

म्हाताऱ्याने त्या हातात शंख दिला. "वरच्या डाव्यासाठी?"

"दोन."

चुंबळ तिकडे गेली. "आणि खालच्या डाव्यासाठी?"

"हातोडा. दुसरं काही नाहीच."

"शेवटच्या हाताला निवड नसते," म्हातारा म्हणाला. "उरेल ते धरायचं. आता कमळ आहे तिथेच ठेव, आणि बाकीच्या तिघांची अदलाबदल कर. सावकाश कर."

पोराने अदलाबदल सुरू केली. शंख, चक्र, गदा. शंख, गदा, चक्र. चक्र, शंख, गदा. चक्र, गदा, शंख. गदा, शंख, चक्र. गदा, चक्र, शंख. पुढे काही सुचेना. जे करावं ते आधीच होऊन गेलेलं.

"सहाच होतात," तो म्हणाला.

"पहिल्या हातात कमळ ठेवून सहा. शंख ठेवला तर?"

"सहाच."

"चक्र ठेवून सहा आणि गदा ठेवून सहा. महाराज, चोवीस दगड मागवा."

हिशेबनिसाचे हात वर धरून धरून भरून आले होते, पण त्याचा चेहरा उजळला. दोनशे छप्पन्नावरून गोष्ट चोवीसवर आली होती.

आता ही मोजणी म्हाताऱ्याने शोधून काढली असं कुणी समजू नये. ती त्याच मुलखातली होती. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. तिच्यात अंकपाश नावाचं प्रकरण आहे आणि त्यात हरीच्या चार हातांचा हाच प्रश्न घातलेला आहे. उत्तरही हेच, चोवीस. पुढे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे, त्यात या मठाची नोंद आहे. अशा मुलखात पाथरवटाच्याही कानावर दोन गोष्टी पडायच्याच.

त्या मठात शिकलेले एक शास्त्रीबुवा राजाच्या पदरी होते. चोवीस हा आकडा ऐकून त्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, "महाराज, याच प्रश्नात पुढे शंभूही आहे. त्याला दहा हात. पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य अशा दहा वस्तू."

राजाचे डोळे चमकले. "मग तेही सगळे करू! किती होतात?"

"३६,२८,८००," शास्त्रीबुवा म्हणाले.

हिशेबनीस मटकन खाली बसला.

म्हातारा म्हणाला, "करू की, महाराज. रोज एक मूर्ती केली तर नऊ हजार नऊशे वर्षांहून थोडी जास्त लागतील. दगड तेवढे वेळेवर मिळायला हवेत."

राजा जोरात हसला आणि शंभूचा नाद त्याने सोडला.

चोवीस दगड आले. काळे, घट्ट, टाकी मारली की टणकन वाजणारे. विष्णूच्या या चोवीस रूपांना एकेक नाव आहे. संध्येत लोक ती रोज घेतात, केशव, नारायण, माधव अशी. कुठल्या नावाच्या हातात कुठे काय, ते शास्त्रीबुवांनी सांगितलं. खालच्या उजव्या हातापासून वर जायचं, मग डावीकडे वळून खाली उतरायचं. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला की तो केशव. पद्म, गदा, चक्र, शंख असा लागला की त्रिविक्रम. नावांबाबत ग्रंथाग्रंथांत थोडाफार फरक असतो, पण मूर्ती चोवीसच.

म्हाताऱ्याने छपरीच्या भिंतीवर गेरूने चोवीस ओळी काढल्या. पहिल्या सहा ओळी पद्माच्या, पुढच्या सहा शंखाच्या, मग चक्राच्या, मग गदेच्या. प्रत्येक सहाच्या आतही क्रम. शिष्याला म्हणाला, "वरून सुरुवात कर. एक झाली की तिच्यापुढे खूण कर. खालची ओळ वरच्या ओळीच्या आधी घ्यायची नाही."

पहिले काही दिवस पोरगा तसा वागला. मग कंटाळला. सारखं पद्म, पद्म, पद्म! त्याला गदा कोरायला आवडायची. गदेची मूठ, तिच्यावरच्या पागोट्यासारख्या पाकळ्या, हे त्याच्या हाताला छान जमायचं. त्याने मधलीच एक ओळ उचलली. मग खालची एक. दगडाचा पोत बघून, मनाची लहर बघून, आज ही तर उद्या ती. "मला चोवीस पाठ आहेत," तो म्हणायचा, "भिंत कशाला बघू?"

म्हातारा त्याला रागवायचा. पण म्हाताऱ्याचीही गंमत होती. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. भिंतीवरच्या ओळी त्याला एकमेकींत मिसळलेल्या दिसायच्या. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. अधूनमधून तोही एखादा दगड पुढे ओढायचा आणि बोटांच्या अंदाजाने कोरायचा.

पहिला पावसाळा आला. त्या वर्षी पाऊस आडवा लागला, थेट छपरीत शिरला. गेरूच्या ओळी भिंतीवरून ओघळल्या. भिंतीच्या बुडाशी नुसता लाल चिखल उरला.

"पुन्हा काढू का?" पोराने विचारलं.

"पाठ आहेत ना तुला?" म्हातारा म्हणाला. खरं तर त्यालाच त्या आता काढता आल्या नसत्या.

मूर्ती तयार झाली की तिला पेंढा गुंडाळायचा, सुतळीने बांधायचं आणि कोठारात नेऊन ठेवायचं. त्यामुळे सगळ्या मूर्ती कुणी एकत्र कधी पाहिल्याच नाहीत. दोन वर्षं गेली. एके दिवशी शेवटचा दगड संपला. हिशेबनीस आला, कोठारात गेला, पेंढ्याचे गठ्ठे बोट लावून मोजले. चोवीस! त्याने वहीत तसं लिहिलं, खाली रेघ ओढली आणि मजुरीची थैली बाहेर काढली.

म्हातारा म्हणाला, "थांबा. आधी पेंढा सोडू."

मूर्ती अंगणात ओळीने उभ्या केल्या. राजा आला, शास्त्रीबुवा आले, गाव लोटलं. मूर्ती देखण्या झाल्या होत्या. लोक वाहवा करू लागले. इतक्या सारख्या चेहऱ्यांत आणि इतक्या हातांत कुणाची नजर ठरेना. एक बघून दुसरीकडे जाईपर्यंत पहिलीच्या हातात काय होतं ते विसरायला व्हायचं.

म्हाताऱ्याला तर आता माणसंही सावलीसारखी दिसत होती. त्याने शिष्याला नदीतले गोटे आणायला सांगितले. पहिल्या मूर्तीपाशी गेला. डोळे मिटले आणि तिचा खालचा उजवा हात चाचपला, फक्त तेवढाच. कमळाच्या पाकळ्या बोटाला लागल्या. "पद्म," तो म्हणाला आणि शिष्याने एक गोटा एका जागी टाकला. दुसरी मूर्ती. पुन्हा फक्त खालचा उजवा हात. "गदा." दुसऱ्या जागी गोटा. अशा चोवीस मूर्ती झाल्या. गोट्यांचे चार ढीग पडले.

"मोज."

"सहा, सहा, सहा, सहा."

"आता वरचा उजवा."

म्हातारा पुन्हा पहिल्या मूर्तीपासून निघाला. लोकांची चुळबुळ सुरू झाली. राजाने हात वर करून त्यांना गप्प केलं.

"मोज."

"पद्म सहा. चक्र सहा. शंख..." पोरगा अडखळला. त्याने पुन्हा मोजले. "शंख पाच. गदा सात."

"हं," म्हातारा म्हणाला आणि तिसऱ्या फेरीला लागला. वरचा डावा हात. सहा, सहा, सहा, सहा. मग चौथी फेरी, खालचा डावा. पद्म सहा, चक्र सहा, शंख सात, गदा पाच.

राजाने विचारलं, "याचा अर्थ काय?"

"प्रत्येक हातात प्रत्येक वस्तू सहा वेळा यायला हवी, महाराज. सगळीकडे सहा आले म्हणजे सगळं बरोबरच आहे, असं नाही. पण सात आले तर चूक नक्की आहे." तो शिष्याकडे वळला. "वरच्या उजव्या हातात गदा आणि खालच्या डाव्यात शंख, अशा मूर्ती पुढे घे. दोनच असायला हव्यात."

पोराने शोधल्या. तीन निघाल्या. तिन्ही शेजारी शेजारी उभ्या केल्यावर मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. तिघींतल्या दोघी जुळ्या बहिणी होत्या. खाली पद्म, वर गदा, पलीकडे चक्र, खाली शंख.

"दोन त्रिविक्रम!" शास्त्रीबुवा म्हणाले. "मग राहिलं कोण?"

"गदा आणि शंख यांची अदलाबदल करा," म्हातारा म्हणाला. "पद्म आणि चक्र आहेत तिथेच ठेवा."

शिष्याने मनातल्या मनात अदलाबदल केली. पद्म, शंख, चक्र, गदा. त्याच्या तोंडाला कोरड पडली.

"केशव," तो म्हणाला.

अंगण गप्प झालं. चोविसांतलं पहिलं नाव! शास्त्रीबुवा रोज सकाळी पाणी हातात घेऊन सगळ्यांआधी तेच नाव घेत होते. गेरूच्या भिंतीवरची पहिली ओळही तीच होती. दोन वर्षांपूर्वी अंगणात हिशेबनिसाचे हात वर करून पहिल्यांदा जो विष्णू उभा केला होता, तोही केशवच होता.

"बाबा," पोरगा म्हणाला, "मला वाटलं, केशव तुम्ही पहिल्याच दिवशी केलात. म्हणून मी दुसऱ्या ओळीपासून धरलं."

"आणि मला वाटलं, पहिली ओळ आहे, तेव्हा तू केलीच असशील," म्हातारा म्हणाला. मग थोडा वेळ थांबून त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "महाराज, मला पहिल्या पावसाळ्याच्या आधीपासूनच नीट दिसत नाही. भिंतीवरच्या ओळी पुसल्या तेव्हाच मी बोलायला हवं होतं."

राजा रागावला नाही. त्याने हिशेबनिसाकडे पाहिलं. हिशेबनीस वहीत बघत होता. वहीत चोवीस लिहिलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

खाणीवरून पंचविसावा दगड आणवला. जादा झालेल्या त्रिविक्रमाचं काय करायचं? हिशेबनीस म्हणाला, फोडून पायरीला लावू. म्हातारा म्हणाला, खाणीवरच्या वस्तीत देव नाही, तिकडे द्या. खाणीवरच्या माणसांनी तो त्याच दिवशी बैलगाडीतून नेला. त्यांना एकच मूर्ती मिळाली, त्यामुळे ती कुणासारखी आहे आणि कुणासारखी नाही, हा प्रश्न त्यांच्याकडे आलाच नाही.

शिष्य दगडासमोर बसला. टाकी उचलण्याआधी त्याने जमिनीवर गेरूने एक ओळ काढली. पद्म, शंख, चक्र, गदा.

म्हातारा म्हणाला, "एकच लक्षात ठेव, पोरा. आकडा जुळला म्हणजे काम झालं, असं समजू नये. क्रम धरला तर काही सुटत नाही आणि काही दोनदा होत नाही."

पोराने मान डोलावली आणि पहिला घाव घातला.

देऊळ पुरं व्हायच्या सुमाराला राजा पुन्हा आला. चोवीस कोनाडे भरलेले बघून खूश झाला आणि त्याची हौस पुन्हा उसळली. "आता दारावर द्वारपाल हवेत," तो म्हणाला. "त्यांना हात दोनच ठेवा. शंख, चक्र, गदा, पद्म यांतल्या कुठल्याही दोन वस्तू द्या, एका हातात एक. असे किती प्रकार होतील?"

हिशेबनिसाने या वेळी तोंड मिटून घेतलं. शिष्यही चटकन बोलला नाही. त्याने काडी घेतली आणि मातीत उजव्या हातात पद्म मांडलं. मग डाव्यात शंख, चक्र, गदा. तीन झाले. मग उजव्या हातात शंख मांडला. पुन्हा तीन. मग चक्राचे तीन, गदेचे तीन. वरून खाली एकदा बोट फिरवलं, खालून वर एकदा फिरवलं.

"बारा, महाराज."

"बाबा, बरोबर आहे?" राजाने विचारलं.

"अगदी बरोबर," म्हातारा म्हणाला.

"मग बारा द्वारपाल करा!"

"करू," म्हातारा म्हणाला. "पण महाराज, दाराला बाजू दोनच आहेत."